डाव्या गालावरचा पत्ता

भिजलेल्या वाळ्याचा थंड वास, आणि त्याच्या खाली अस्तरासारखा, लव जळाल्याचा वास. हे दोन वास एकत्र आले की आजही माझे डोळे आपोआप मिटतात. जयपुरातल्या सी-स्कीम भागातल्या त्या खोलीच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे असत आणि दुपारभर त्यांवर पाणी शिंपडले जाई. आत, उघड्या भिंतींच्या मधोमध, उजेडाचे यंत्र उभे असे. गालावर गार, बुळबुळीत जेल पसरले जाई, डोळ्यांवर धातूच्या लहान वाट्या बसत, आणि त्या अंधारात एक आवाज म्हणे, "आता टक् होईल. मतलब, घाबरायचं नाही." मग टक्. मिटल्या पापण्यांच्या आत सगळे क्षणभर नारिंगी होऊन जाई आणि ताणलेले रबर कुणी कातडीवर सोडावे तसा चटका बसे. त्यानंतर तो वास येई. स्वतःच्या जळण्याचा वास स्वतःलाच यावा, यासारखे विचित्र दुसरे काही नसते.

तो आवाज सावलीताईंचा. त्या त्वचेच्या डॉक्टर. उन्हाने चेहऱ्यावर उमटवलेले डाग उजेडाच्या झोताने उतरवायचे, हे त्यांचे काम. जयपुरातल्या आम्हा मोजक्या मराठी कुटुंबांत त्यांचे खरे नाव फारसे कुणी घेत नसे. सगळे सावलीताईच म्हणत, कारण त्या नेहमी सावलीतून चालत. जवाहर नगरातल्या आमच्या रस्त्यावर कोणत्या घराची सावली कोणत्या प्रहरी कुठवर येते हे त्यांना पाठ होते. भाजीवाल्याची गाडी समोर उन्हात उभी असली तर त्या फाटकाच्या खांबाआड थांबत आणि तिथूनच म्हणत, "भैया, जरा इधर ले आओ." दिवसभर लोकांवर उजेड सोडणारी बाई स्वतः उजेडाला एवढी का भिते, असे गणपतीच्या जेवणात कुणीतरी चिडवले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हलवाई स्वतःच्या कढईतलं खातो का?"

त्यांचे वडील रेल्वेत होते. बदली होऊन भुसावळहून इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे ताईंची मराठी घरात ऐकलेली होती, शाळेत कधी भेटलेली नव्हती. बोलताना मध्येच एखादा शब्द त्यांना सापडत नसे. मग त्या हवेत बोटांनी काहीतरी चाचपत, आणि मी तो शब्द पुढे केला की हात पुढे करून प्रसाद घ्यावा तसा घेत. "तुझी मराठी भरलेली आहे," त्या म्हणत, "माझी गळकी."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा बरोबर माझी धाकटी मुलगी होती. "ताई, मला वांगाचे डाग आलेत," मी म्हटले. इथेच जन्मलेली माझी लेक गोंधळून म्हणाली, "वांग्याचे डाग? मतलब, बैंगन के?" ताई खूप वेळ हसल्या. मग माझी हनुवटी दोन बोटांत धरून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला, आणि हसू एखाद्या दिव्यासारखे मालवले.

"वांगाचे नाहीत हे. वांग आतून येतो. त्याला उजेड दाखवला तर तो चिडतो, आणखी काळा होतो. तुझे हे उन्हाचे. बाहेरून आलेले. जे बाहेरून आलं ते बाहेर घालवता येतं."

"आणि दोन्हींतलं काहीच नसेल तर?"

"तर यंत्राला हात लावायचा नाही. आधी नाव, मग उजेड. ज्या डागाचं नाव माहीत नाही, त्याच्यावर उजेड मारायचा नसतो."

हे वाक्य त्या प्रत्येकाला सांगत. शिकलेले वाक्य म्हणून सांगत नसत. एखाद्या जुन्या विहिरीपाशी मुलांना सांगावे, तसे सांगत.

उजेड सोडण्याआधी ताई माणसाला एका पांढऱ्या पेटीसमोर बसवत. पेटीत चेहरा घालायचा, हनुवटी टेकवायची, आणि आत जांभळा प्रकाश लखलखायचा. मग शेजारच्या पडद्यावर आपलाच चेहरा येई, पण आरशात कधी न पाहिलेला. राखाडी कातडी, आणि तिच्यावर शेकडो काळे ठिपके. पाण्याखालून कुणी वर बघत असावे तसा तो चेहरा आपल्याकडे बघे. "हे अजून वर आलेलं नाही," ताई म्हणत. "पण निघालंय." काही जण ते चित्र पाहायला नकार देत, आणि ताई त्यांना कधी आग्रह करत नसत.

त्या ठिपक्यांवरून त्यांना माणसाची बसण्याची जागा कळे. उजवा गाल काळवंडलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारले, "गाडी स्वतः चालवता ना, काच खाली करून?" एका बँकेतल्या बाईंना म्हणाल्या, "टेबल फिरवून घ्या, पश्चिमेची खिडकी आहे तुमच्या अंगावर." माझे चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले. माझा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जुना दिसत होता, जणू एका चेहऱ्यात दोन वयांच्या बायका शेजारी शेजारी राहत होत्या.

"शाळेत खिडकी तुझ्या डाव्या हाताला होती," त्या म्हणाल्या.

"शाळेत नाही. कॉलेजच्या वाचनालयात."

"तेच. उन्हात वाचत बसलीस. काय वाचत होतीस?"

"कविता."

"म्हणून उठली नाहीस." त्यांनी पडदा बंद केला. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी हसूही येत होते. इतक्या वर्षांपूर्वीच्या दुपारी माझ्या पाठीशी कुणीतरी उभे होते, असे मला वाटून गेले.

एकदा जवळच्या चौमूं गावाहून एक बाई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आल्या. मी बाहेरच्या खुर्चीवर माझी पाळी येण्याची वाट पाहत होते आणि दार उघडेच होते. बाईंना मुलगी गोरी करून हवी होती. ताई हिंदीत म्हणाल्या, "धूप उतार दूँगी. रंग नहीं. रंग तो इसकी नानी का है, उसको मैं हाथ नहीं लगाती."

बाई काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तो डॉक्टरनी जी, अपने गाल का क्यूँ नहीं उतारा? दीये तले अँधेरा?"

कारण ताईंच्या स्वतःच्या डाव्या गालावर, हाडाच्या उंचवट्यावर, एक मोठा तपकिरी डाग होता. चिंचेच्या पानाएवढा म्हणावा तर त्याहून मोठा, आणि कडेला किंचित विरलेला. ताईंनी त्याला बोट लावले नाही. "ये मेरा पता है," त्या म्हणाल्या. "मेरी माँ रोज़ इसी पते पर आती है."

बाईंना ते कळले नाही. मला कळायला आणखी एक उन्हाळा जावा लागला.

ताईंच्या आई, माई, जवाहर नगरातल्या घरात मागच्या खोलीत असत. त्यांची आठवण ओसरत चालली होती, आणि ओसरताना ती एका क्रमाने ओसरत होती. आधी हिंदी गेली. जयपुरात आयुष्य काढलेली ती बाई एका सकाळी कामवाल्या बाईचे बोलणे ऐकून नुसती बघत राहिली, जणू समोर पाखरू बोलत होते. मग नावे गेली. मग चेहरे. आरशात दिसणाऱ्या म्हातारीला त्या "जेवलात का?" असे विचारू लागल्या आणि ती उत्तर देत नाही म्हणून रडवेल्या झाल्या, तेव्हा ताईंनी आरशावर चादर टाकली. नुसती मराठी तेवढी राहिली होती, आणि ताईंची मराठी तर गळकी. म्हणून त्यांनी मला विचारले, आठवड्यातून एकदा येऊन माईंशी बोलत बसशील का. मी जाऊ लागले.

तिथे मी तो पत्ता पाहिला. संध्याकाळी ताई घरी आल्या की माई आधी त्यांच्याकडे परक्या नजरेने बघत. ताई समोर जमिनीवर बसत आणि डावा गाल पुढे करत. माईंचा हात उठे. तो आधी स्वतःच्या गालाकडे जाई, कारण त्यांच्याही गालावर, त्याच उंचवट्यावर, तसाच डाग होता. तिथे क्षणभर थांबून मग तो ताईंच्या गालावर येई. अंधारात कडी चाचपावी तसे बोट डागावरून फिरे. आणि मग कुठल्या तरी खोल जागेतून आवाज येई, "कुमी." ताईंचे नाव कुमुद. ते नाव त्या घरात दिवसातून एकदा उच्चारले जाई. त्याच्यावर ताई दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जगत, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

मग पुढच्या हिवाळ्यात पांढऱ्या पेटीची नवी बनावट आली. दवाखान्यात मदतीला संतोषजी म्हणून एक बाई होत्या. त्यांना ती पेटी शिकवायची होती आणि समोर चेहरा हवा होता. मी पुढे होणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "तू नको. तुझे सगळे ठिपके मला पाठ आहेत," आणि स्वतःच बसल्या. जांभळा प्रकाश लखलखला. पडद्यावर ताईंचा राखाडी चेहरा आला. इतकी वर्षे सावलीतून चाललेला तो चेहरा आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ होता, एखाद्या लहान मुलीचा वाटावा असा. फक्त डाव्या गालावरचा डाग. त्याची खालची कडा एके ठिकाणी जबड्याकडे वाकली होती, जणू तो डाग झोपेत कूस बदलत होता.

संतोषजी म्हणाल्या, "मैडम, इसमें तो बहुत साफ दिखता है."

"हाँ," ताई म्हणाल्या. "बहुत साफ." आणि त्यांनी पडदा मालवला.

घरी परतताना गाडीत त्यांनी मला सांगितले. कडा सरकली आहे. रंग दोन प्रकारचा झाला आहे. याचे नाव आता त्यांना माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचे तर सगळा डाग आजूबाजूच्या कातडीसकट कापून काढावा लागेल. उजेडाचे हे काम नव्हे, सुरीचे.

"मग कधी?" मी विचारले.

"माई आहे तोवर थांबते."

"ताई, हे एखाद्या पेशंटने म्हटलं असतं तर?"

"तर मी ओरडले असते." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "पण तिला मी सापडणार कशी? तू सांग. तुझ्याकडे शब्द आहेत."

आम्ही घरापाशी पोचलो, त्यांनी गाडी बंद केली, आणि उतरण्याआधी नेहमीसारखी सावली कुठे आहे ते पाहिले. ऊन सगळीकडे होते. त्या तशाच बसून राहिल्या आणि हवेत काही न चाचपता, सरळ मराठीत म्हणाल्या, "पत्ता राहिला आणि घरच गेलं, तर ती कुठे येईल?"

त्या आठवड्यातच त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. तपासणीत जे निघाले ते वाईटच होते, पण वेळेवर निघाले. कातडीत खोल उतरण्याआधी ते सगळे काढता आले. डॉक्टरांनी त्यांना नशीबवान म्हटले. ताईंनीही मान डोलावली.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी त्यांनी जे केले ते त्यांनी मला नंतर सांगितले. चेहऱ्यावरचे रंग उतरवण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईने आरशासमोर बसून काजळात थोडी हळद आणि थोडे तेल कालवले, आणि गालावर डाग रंगवला. हुबेहूब. विरलेली कडासुद्धा. मग माईंसमोर जमिनीवर बसून गाल पुढे केला. माईंचा हात स्वतःच्या गालाशी थांबला, मग ताईंच्या गालावर आला. बोट फिरले. आणि डाग बोटाला लागून आला.

माईंनी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मग समोरच्या चेहऱ्यावरची ती फरपटलेली काळी रेघ पाहिली. त्या किंचाळल्या नाहीत. त्या फक्त खुर्चीत मागे मागे सरकत राहिल्या, आणि अतिशय नम्रपणे, खुर्चीच्या पाठीला टेकल्यावर, म्हणाल्या, "तुम्ही कोण आहात? माझ्या मुलीचं काय केलंत?"

त्यानंतर ताईंनी पुन्हा रंगवले नाही. माई त्यांना सिस्टर म्हणू लागल्या. सिस्टर, पाणी. सिस्टर, माझी मुलगी आली का. ताई पाणी देत. "येईल," म्हणत. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच आईची, त्या परक्या माणसाच्या नीटसपणाने सेवा करू लागल्या. आवाज तोच होता, पण माईंना आवाजावरून ओळख पटण्याचे दिवस सरले होते.

पुढचे सांगून टाकते, म्हणजे मला त्या एका दुपारीच थांबता येईल. माई त्या वर्षीचा उन्हाळा पाहू शकल्या नाहीत. ताईंनी सी-स्कीममधली खोली दुसऱ्या डॉक्टरांना दिली आणि त्या भुसावळला निघून गेल्या. तिथे एका लहान दवाखान्यात खरूज, नायटा, भाजलेले हात बघतात. उजेडाचे यंत्र तिथे नाही. निघताना मला म्हणाल्या, "तिथे सगळे तुझ्यासारखं बोलतात. माझी गळकी भांडी तरी सांधून मिळतील." मी उन्हात उभी होते. त्याही उन्हात उभ्या होत्या. ते माझ्या लक्षात आले तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती.

आणि ती दुपार. माघ लागला होता. ताई कामावर परतल्या होत्या आणि दोन दिवसांपूर्वी त्यांनीच माझ्या डाव्या गालावर शेवटचा उजेड मारला होता. उजेड मारल्यावर डाग लगेच जात नाहीत. आधी काळे होतात, कॉफीची पूड चिकटल्यासारखे दिसतात, आणि काही दिवसांनी आपोआप गळतात. ताई सांगत, "जाणारी गोष्ट जाण्याआधी एकदा नीट दिसून जाते. खरवडू नको. उन्हात जाऊ नको." म्हणून मी घरात बसले होते. दुपारी त्यांचा फोन आला. माईंनी कालपासून तोंडात घास घेतला नव्हता. "चेहरा झाकून ये," ताई म्हणाल्या. "पण ये."

इथल्या सगळ्या बायका स्कूटीवर निघताना बांधतात तशी ओढणी डोळ्यांखालून घट्ट बांधून मी गेले. मागच्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि उजेड दुधात पाणी घातल्यासारखा फिका होता. माई खुर्चीत, त्यांच्या मांडीवर रिकामे हात. ताई मऊ भाताची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या गालावरचा व्रण नुकताच गुलाबी होऊ लागला होता. "सिस्टर दमल्या," माई मला सांगू लागल्या, "त्यांना बसायला सांगा." मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, कारण तिथे दुसरी जागा नव्हती, आणि ओढणी सोडली.

माई बोलायच्या थांबल्या. त्यांचा हात उठला. तो आधी त्यांच्या स्वतःच्या गालाकडे गेला. मी मागे सरकायला हवे होते की नव्हते, हे ठरवायच्या आत तो माझ्या गालावर आला होता. काळवंडलेले माझे डाग तिथेच, हाडाच्या उंचवट्यावर, एकमेकांना लागून जमले होते. थंड, कागदासारखे बोट त्यांवरून फिरले, एकदा, पुन्हा. माईंनी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. ते स्वच्छ होते.

"कुमी," त्या म्हणाल्या.

दारातून ताई म्हणाल्या, "ओ, माई." माईंनी मान वळवली नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या. इतके कुणी माझ्याकडे कधी बघितलेले नाही.

"कुमी?"

मराठीत हाकेला ओ द्यावी लागते. ती मागता येत नाही, हिसकावता येत नाही. ज्याला हाक मारली त्यानेच ती द्यायची असते. लहानपणी आम्हाला सांगत की आडवेळेला हाक आली तर तिसऱ्यांदा येईपर्यंत ओ देऊ नये, कारण जे आपले नसते ते तिसरी हाक मारत नाही. त्या खोलीत मला पहिल्यांदाच वाटले की आपल्याला उलटे शिकवले होते. हाक मारणारे माणूस अगदी हाडामांसाचे होते, भुकेले होते, आई होते. भुताची जागा ओ देणाऱ्याची होती.

"कुमी, ओ का देत नाहीस गं?"

ही तिसरी. मी मान वळवून ताईंकडे पाहिले. त्यांच्या हातातल्या वाटीतून वाफ निघत होती आणि ती वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, पडू नये म्हणून धरावी तशी. त्या आपल्या आईकडे पाहत होत्या. मग माझ्या गालाकडे. मग पुढे होऊन त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली, आणि माईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाल्या, "दे."